सदाभावजींची कोरी नाणी

"कोणी धुतली?" सदाभावजींनी विचारलं.

ताटात एकेचाळीस अमेरिकन डॉलर होते. कागदी नव्हेत, नाणी. एकेक नाणं जुन्या रुपयापेक्षा मोठं आणि जड. चिंचेने घासलेली, मिठाने चोळलेली, दुधाने न्हाऊ घातलेली, कोरड्या पंच्याने पुसून गोल मांडलेली. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं एकेक बोट. समईच्या उजेडात ताट नुसतं झळकत होतं. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती. पाटाशेजारी त्यांची बायको इंदू नवी साडी नेसून बसली होती, आणि सदाभावजी दारात उभे होते, गिऱ्हाइकांचे कपडे पोचवून आलेले, खांद्यावर गाठोड्याची रिकामी चादर.

"मीच धुतली," इंदू म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना सकाळी, साहेब येईपर्यंत कोरी राहिली पाहिजेत म्हणून? किती काळवंडली होती काही! बघा आता, कशी कोरी करकरीत झालीत. चिंच ताईंनी दिली."

ती ताई म्हणजे मी.

सदाभावजींनी चादर खाली ठेवली. एक नाणं दोन बोटांत कडेने धरून उचललं, समईशी नेऊन तिरकं केलं, परत ठेवलं. दुसरं उचललं. तिसरं उचललं नाही.

"पाय धुऊन येतो," ते म्हणाले. "मग आरती करू."

मोरीतला नळ बराच वेळ चालू राहिला. मग ते आले, पूजा केली, आरती शेवटपर्यंत म्हटली, करंजी खाल्ली आणि "खुसखुशीत झालीय" असं म्हणाले. इंदू खूश होती. मी नव्हते. ती नाणी कशासाठी ठेवली होती हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी सकाळी एक अमेरिकन ती विकत घ्यायला येणार होता. त्या पैशातून मुंबईत इंदूच्या काळजाचं ऑपरेशन व्हायचं होतं. काळजाचं इंदूला माहीत नव्हतं. आणि धुतलेल्या नाण्याचं काय होतं, ते मला माहीत नव्हतं.

सदाभावजी राजापूरकडचे. जातीने परीट, आणि धंदाही तोच. बहारीनला आलेली आमच्याकडची माणसं गावी सांगताना कंपनी, साहेब, ऑफिस असले शब्द वापरत. हे सांगत, "मी धुतो." मनामा शहरात, जुफैरच्या अमेरिकन आरमारी तळाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची लाँड्री होती. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. एकीत ते, दुसरीत आम्ही. आमचे हे मुहर्रकला विमानतळावर ड्रायव्हर होते, शिफ्टप्रमाणे जायचे. मी चौऱ्याहत्तर साली आले तेव्हा सदाभावजी तिथे जुने झालेले होते. इंदू पुष्कळ उशिरा आली. तोवर त्यांचं आणि माझं बोलणं दुकान आणि खोली यांच्यामधल्या दोरीवर व्हायचं. एका टोकाला त्यांचे खलाशांचे पांढरे सदरे, दुसऱ्या टोकाला माझं पोतेरं.

"वैनी, तुमचं पोतेरं माझ्या सदऱ्याला लागतंय."

"मग सदरा सरकवा. पोतेरं आधी आलं होतं."

ते सदरा सरकवत.

त्यांच्या सवयी मला अजून दिसतात. इस्त्री तापली की नाही हे ते गालाजवळ नेऊन बघत. बोट लावत नसत, थुंकी टाकत नसत. कपडा हातात आला की वास घेत आणि सांगत, हा हॉटेलच्या खानसाम्याचा, हा पेट्रोलवाल्याचा. नळाचं पाणी मचूळ होतं. त्यात पांढरा कपडा दोन महिन्यांत पिवळा पडतो. पांढऱ्यासाठी ते गोडं पाणी विकत घेत, पिण्याला घेत तसं. शेजारचे हसायचे. कपड्याच्या आतल्या बाजूला गिऱ्हाइकाची खूण ते बिब्ब्याने करत. बिब्बे गावाहून आणत. शाई धुण्यात जाते, बिब्बा जात नाही. कोणा अमेरिकन पोराच्या कॉलरीखाली राजापूरच्या बिब्ब्याचे तीन ठिपके असत, आणि त्याला त्याचा पत्ताही नसे. स्वतः मात्र सदाभावजी बिनइस्त्रीचे घालत. मी विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडे कोण बघतंय?"

धुण्याआधी ते सगळे खिसे उलटे करत. निघेल ते पाकिटात घालून वर खूण करत आणि कपड्यांबरोबर परत देत. काडेपेटी असली तरी. डॉलरांची गोष्ट तिथून सुरू झाली. एका खलाशाच्या पँटीतून लग्नाची अंगठी निघाली. त्यांनी ती पाकिटात घालून परत दिली. त्या माणसाने खिशातून एक मोठं नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवलं. एका बाजूला टकला साहेब, दुसऱ्या बाजूला चंद्रावर उतरणारा पक्षी. ते घेऊन सदाभावजी पैसे बदलणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "मफी," म्हणजे नाही. "नोट आण, नाणं घेत नाही." किराणावाल्यानेही घेतलं नाही. म्हणून ते राहिलं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. बहारीनमध्ये त्या नाण्याला चहासुद्धा मिळत नव्हता. ते मी त्यांना बोलूनही दाखवलं.

"किती जमवलीत?"

"नऊ."

"काय करणार त्यांचं? पापड वाळत घातले की दाबायला ठेवा."

"बघू," ते म्हणाले.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक वयस्क अमेरिकन होता. सगळे त्याला चीफ म्हणत, म्हणून तेही चीफ म्हणत. त्याचा भाऊ तिकडे अमेरिकेत जुन्यानव्या नाण्यांचं दुकान चालवायचा. चीफने एकदा काउंटरवर ती नऊ नाणी पाहिली. एकेक उचलून कडेकडे बघितलं आणि आठ बाजूला सरकवली. "हे आठ म्हणजे आठ डॉलर. खर्च कर." नववं त्याने हळूच फिरवलं. "हे ठेव."

सदाभावजींनी मला ते संध्याकाळी दोरीपाशी समजावलं. त्यांना इंग्रजी कामापुरतं येई, पण काठ कळायला इंग्रजी कशाला हवं?

"वैनी, हे बघा. ह्याच्या कडेला लाल रेघ आहे. आत तांबं आहे. हा लाल काठ. म्हणजे रोजच्या वापरातलं लुगडं. आणि ह्याचा काठ बघा, पांढरा. ह्यात चांदी आहे. हे सणाचं."

"दिसायला दोन्ही सारखीच."

"म्हणून तर काठ बघायचा."

तेव्हापासून ते सणाची नाणी जमवू लागले. चांदीचे डॉलर बाजारात फिरत नसत. अमेरिकेत सरकारकडून मागवून घ्यावे लागत. काही निळ्या पाकिटात यायचे, काही तपकिरी डबीत, आत काचेसारख्या प्लास्टिकमध्ये बसवलेले, आरशासारखे. खलाशी सुट्टीवरून येताना ते आणत आणि धुलाईच्या बदल्यात देत. सदाभावजी आधी काठ बघत, मग सदऱ्याला गोडं पाणी लावत. एका वर्षाच्या नाण्यात एक बारीक गोम होती, तीही चीफने सांगितलेली. पक्ष्याच्या डोक्यावर लांब आकाशात आपली पृथ्वी कोरलेली आहे, मसुराएवढी. बहुतेक नाण्यांवर ती वरच्या अंगाला जराशी चेपलेली असते. क्वचित एखाद्यावर पूर्ण गोल. गोल पृथ्वीवालं नाणं साधंच, लाल काठाचं, तरी किंमत मोठी. सदाभावजी दोन वर्षं आलेला प्रत्येक लाल काठ भिंगाखाली घालत होते. मिळालं तेव्हा मला हाक मारून दाखवलं. मला चेपलेली आणि गोल यांतला फरक दिसला नाही. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला नाही दिसला तरी चालेल."

त्यांचा मोठा नियम एकच. नाण्याला पाणी लावायचं नाही. फडकं लावायचं नाही. मधोमध बोट लावायचं नाही, कडेने धरायचं. जो माणूस दिवसाला दोनशे कपडे धुतो, तो ह्या एका वस्तूवरची धूळसुद्धा झटकू देत नसे. चीफचा एक इंग्रजी शब्द होता, कोणी न वापरलेलं नाणं अशा अर्थाचा. सदाभावजींनी त्याला आपल्या धंद्यातला शब्द लावला, कोरं. कापडाच्या ठाणातून काढलेलं, पाणी न लागलेलं कापड म्हणजे कोरं. "कोऱ्या कापडाला एकदा पाणी लागलं, वैनी, की मग कितीही खळ द्या, कितीही इस्त्री फिरवा, ते कोरं नाही." हे ते मला म्हणाले होते. मी ऐकलं होतं. कापडाबद्दल ऐकलं, नाण्याला लावलं नाही.

पुढे एक लहान डॉलर निघाला, बाईचं तोंड असलेला. खलाशांनाच तो आवडेना. पावलीसारखा, पाव डॉलरसारखा दिसतो, देताना फसायला होतं, असं म्हणत ते तो कुठेही टाकून जात. मी म्हटलं, "इतके दिवस बाप्या होता तेव्हा ताटलीएवढा. बाई आली तर लगेच लहान केला होय?"

सदाभावजी हसले. तसे ते कमी हसत. म्हणाले, "कोणी घेत नाही म्हणून मी दोन ठेवलेत. किंमत मफी. पण टाकवत नाहीत."

आमच्या वस्तीत हळूहळू पसरलं की धोबी डॉलरने श्रीमंत झालाय. गल्लीतल्या एका खानसाम्याने कोणाकडून तरी दहा नाणी चढ्या भावाने घेतली आणि ह्यांच्याकडे विकायला आणली. सदाभावजींनी दहाही कडा बघितल्या. सगळे लाल काठ, सगळे वापरून गुळगुळीत. दुसऱ्या कोणी त्याला गोड बोलून लावलं असतं वाटेला. हे सरळ म्हणाले, "हे दहा डॉलर म्हणजे दहाच डॉलर. तेही अमेरिकेत. तुला फसवलं." खानसामा चिडला, म्हणाला तुम्हाला स्वस्तात हवेत म्हणून असं बोलता. सदाभावजींनी त्याला आपला डबा उघडून दाखवला, शेजारी शेजारी ठेवून. मग चहा पाजला. तो माणूस चहा पिऊन शिव्या देत गेला. मी म्हटलं, "कशाला खरं सांगायला गेलात?" ते म्हणाले, "खोटं सांगितलं असतं तर तो आणखी दहा घेऊन आला असता."

इंदू आली ती लग्नानंतर अकरा वर्षांनी. मूल झालं नव्हतं. व्हिसाचं जमेपर्यंत ती सासरी राबत होती. बारीक, बोलकी, कामाला वाघीण, पण दोन बादल्या उचलल्या की भिंत धरायची. गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची तर मधल्या पायरीवर बसायची. मला म्हणायची, "ताई, इथली हवाच जड आहे." हवा तर आमच्यासाठीही तीच होती. एकदा खोकली तर रुमालाला तांबूस लागलं. मग मी सदाभावजींना सांगून तिला डॉक्टरकडे नेलं, बाई म्हणून सोबत मी. डॉक्टर आपल्याकडचेच होते. त्यांनी इंदूला बाहेर बसवलं आणि आम्हा दोघांना सांगितलं. लहानपणी ताप येऊन गेला असेल, त्यात काळजातली झडप आकसली आहे. कापून मोकळी करावी लागेल. मुंबईला होतं. वर्षाच्या आत करा. सरकारी दवाखान्यात नंबर लागायला फार वेळ जाईल, खासगीत खर्च आहे.

बाहेर येऊन सदाभावजी मला म्हणाले, "वैनी, तिला सांगू नका. तिची आई अशीच धापा टाकत गेली. तिला कळलं तर घाबरेल, आणि घाबरली की तिचा श्वास चढतो."

"मग काय सांगू?"

"रक्त कमी आहे म्हणा."

मी तसं सांगितलं. इंदू रोज बीट खायला लागली.

त्याच सुमारास चीफची बदली ठरली. जाण्याआधी त्याने सगळा डबा भिंगाखाली घालून पाहिला, पूर्ण एक दुपार. कागदावर एकेका नाण्यापुढे किंमत लिहिली, खाली बेरीज केली आणि म्हणाला, भावाशी फोनवर बोललो, तो घेईल. शुक्रवारी पैसे घेऊन येतो. सदाभावजींनी तो कागद मला दाखवला. त्यात सगळ्यात मोठा आकडा गोल पृथ्वीचा होता. ऑपरेशन होईल, तिकीट होईल, वर महिनाभर मुंबईत राहता येईल, असं ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

गुरुवारी सकाळी गाठोडं उचलताना त्यांनी इंदूला डबा दाखवला. ती नवीन, तिला नियम माहीत नव्हते. त्यांना वाटलं, एका वाक्यात काम भागेल. "ह्याला हात लावू नको" म्हणाले असते तर भागलं असतं. पण नुसता मज्जाव करणं त्यांच्या तोंडी नव्हतं. ते म्हणाले, "इंदू, साहेब उद्या येणार आहे. ही नाणी कोरी राहिली पाहिजेत हं." आणि गेले. मी दारातच होते.

इंदूने डबा उघडला. चांदीची नाणी पडून पडून कडेने पिवळट, काळसर झाली होती. तिला ती मळलेली दिसली. धोब्याच्या घरात मळकी लक्ष्मी, आणि तीही लक्ष्मीपूजनाच्या दिवशी! ती मला म्हणाली, "ताई, ह्यांनी कोरी करायला सांगितलीत. चिंच आहे का हो?"

होती. मी दिली. पातेलं दिलं, मीठही दिलं. दरवर्षी आपण पूजेची चांदी तशीच काढतो. मला काहीही खटकलं नाही. हे मी लपवत नाही.

तिने निळी पाकिटं फाडली. तपकिरी डब्यांमधली प्लास्टिकं सुरीच्या टोकाने उचकटली. मी म्हटलं, "ही तर आत चकचकीतच आहेत, राहू दे की." ती म्हणाली, "प्लास्टिकातल्या लक्ष्मीला कुंकू कसं लावणार?" दुसऱ्या बाजूचा पक्षी मला दाखवून म्हणाली, "हा गरुड बघा, ताई. विष्णूचं वाहन. मग लक्ष्मी इथेच असणार की." एकच डबी तिला उघडेना. सुरी वाकली. ती तिने तशीच ताटाबाहेर ठेवली. घासताना दोनदा थांबून तिने दम घेतला.

शुक्रवारी सकाळी चीफ आला. सदाभावजींनी नाणी पुन्हा डब्यात ठेवली होती, पण कुंकू पुसलं नव्हतं. चीफने झाकण उघडलं. एक नाणं खिडकीशी नेलं. त्याने इंग्रजीत विचारलं, कोणी धुतलं हे? तेवढं मला कळलं. इंदू चहाचा ट्रे घेऊन त्याच्यासमोरच उभी होती.

सदाभावजी म्हणाले, "आय वॉश. आय धोबी, सर."

चीफ त्यांच्याकडे बघत राहिला. ह्या माणसाने सात वर्षं नाण्याला फुंकरसुद्धा घातली नव्हती, हे त्याला माहीत होतं. त्याने इंदूकडे पाहिलं, तिच्या हातातल्या ट्रेकडे पाहिलं. मग चहा घेतला. गोल पृथ्वी त्याने भिंगाखाली धरली, मान हलवली आणि ठेवली. ती एक न उघडलेली डबी मात्र त्याने घेतली, कागदावर लिहिलेल्या किमतीला. बाकीची धुतलेली म्हणून तो घेऊ शकत नव्हता. पैसे त्याचे नव्हते, भावाचे होते. मला त्याचा राग आला नाही. जाताना त्याने सदाभावजींशी हात मिळवला आणि इंदूला "गुड टी" म्हणाला.

"काय म्हणाला?" इंदूने विचारलं.

"चहा आवडला म्हणाला."

"आणि नाणी?"

"एक घेतलं. बाकीची म्हणाला तुमच्याकडेच शोभतात."

त्या एका डबीत तिचं विमानाचं तिकीट निघालं. बाकी काही नाही.

मी सदाभावजींना म्हटलं, सोनाराकडे न्या, चांदी तरी आहे. त्यांनी एक नेऊन दाखवलं. सोनार म्हणाला, अर्ध्याहून जास्त तांबंच आहे, वितळवण्यात जाईल तेवढंही यायचं नाही. तरी मी म्हटलं, जे येईल ते घ्या. ते म्हणाले, "तिने कुंकू लावलंय, वैनी. मुशीत कसं घालू?" मला ते पटलं नाही. माणूस मरायला टेकलेलं असताना कुंकू काय बघायचं? मी तसं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

पुढच्याच महिन्यात त्यांनी लाँड्री दुसऱ्याला विकून टाकली. वाफेची इस्त्री, काउंटर, दोऱ्या, गिऱ्हाइकं, सगळं. इंदूला सांगितलं, कंटाळा आला. तिला मुंबईला पाठवली ती रक्त वाढवायला म्हणून. तिचा भाऊ तिकडे उतरवून घेणार होता. मुहर्रकच्या विमानतळावर सदाभावजी आणि मी पोचवायला गेलो. पुलावर दोन्ही बाजूंना समुद्र. इंदू गाडीत सारखी बोलत होती. मांडीवर नाण्यांचा डबा. पुढच्या दिवाळीला तिथेच पूजा करीन म्हणाली. तिच्या पेटीच्या कोपऱ्यावर सदाभावजींनी बिब्ब्याचे ठिपके केले होते. "हरवली तर ओळखू येईल," ते म्हणाले. त्यांची ती खूण मी हजारो कपड्यांवर पाहिली होती. एक ठिपका, दोन ठिपके, तीन. पेटीवर त्यांनी पाच केले होते. पाच कोणत्याच गिऱ्हाइकाला नव्हते.

ऑपरेशन झालं. छाती उघडल्यावर तिला कळलं असणारच की हे रक्त कमी असण्याचं दुखणं नव्हतं. त्याबद्दल तिने पत्रात चकार शब्द लिहिला नाही. डॉक्टरांनी तिला उन्हाळी मुलखात परत जायला मना केलं. ती गावीच राहिली.

सदाभावजी मग हमद टाउनला गेले. तेव्हा ते गाव नवीन वसत होतं. चौकामागून चौक, सारखी घरं, आणि मधे मधे दुकानं. तिथे एका लाँड्रीत ते पगारी इस्त्रीवाले झाले. वर पत्रा, खाली इस्त्री. स्वतःचं दुकान असताना दुपारी दोन तास बंद ठेवायचे. इथे ते नव्हतं. दोनदा सुट्टीवर गावी जाऊन आले. आमच्याकडे महिन्यातून एकदा बसने यायचे. दारात पाऊल टाकल्या टाकल्या ठरलेला प्रश्न असे, "वैनी, चिंच आहे का घरात?"

"संपली," मी म्हणायची.

"बरं झालं."

एवढंच. त्या प्रकरणाबद्दल त्यांनी मला दुसरा शब्द कधी ऐकवला नाही. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असतं.

त्यांना शेवटचं मी हमद टाउनलाच पाहिलं. ऑगस्ट होता. आमचे हे काही कामाला तिकडे निघाले होते, मी लोणच्याची बरणी घेऊन बरोबर गेले. दुकानात पंखा फिरत होता, तो गरम हवाच खाली ढकलत होता. सदाभावजींचा बनियन अंगाला चिकटला होता. बारीक झाले होते. मी आत गेले तेव्हा त्यांनी इस्त्री गालाजवळ धरली होती. मला बघून खाली ठेवली आणि गल्ल्यामागून पत्र काढलं.

"इंदूचं आहे. ऐका." आणि त्यांनी वाचलं, "देवळाची घाटी चढून गेले. एकदाही बसले नाही. वर जाऊन मोजल्या, एकशे बारा पायऱ्या आहेत."

"तुम्ही कधी मोजल्या होत्यात?" मी विचारलं.

"नाही. मला वाटायचं शंभर असतील." पत्र त्यांनी घडीवर घडी घालून परत ठेवलं. "बारा जास्तच आहेत."

"तुमची तब्येत?"

"मला काय झालंय? यल्ला, वैनी, निघा आता. ऊन वाढेल."

मी निघाले. गाडीत बसताना मागे पाहिलं तर ते कुणाच्या तरी सदऱ्याची कॉलर उलटून खूण बघत होते.

दोन आठवड्यांनी ते इस्त्रीच्या टेबलापाशीच पडले. दवाखान्यात नेईपर्यंत खलास. काळीज बंद पडलं म्हणाले. इंदूचं काळीज चार डॉक्टरांनी तपासलं होतं. ह्यांचं कोणी कधी तपासलंच नव्हतं.

त्यांचे कपडे आमच्या ह्यांनी गाठोडं बांधून गावी पोचवले. मी ते आधी धुतले. एकाही कपड्यावर बिब्ब्याची खूण नव्हती.

आम्ही बहारीन सोडून आलो तेव्हा मी इंदूला भेटायला गेले. मला पोटात काही ठेवून जगता येत नाही. मी तिला सगळं सांगितलं, चीफचा कागद, कोरं म्हणजे काय, चिंच, लाँड्री का दिली ते. ती ऐकत होती आणि वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. झाल्यावर म्हणाली, "कोरी म्हणजे न धुतलेली. हो, कापडाला तसंच म्हणतात." मग म्हणाली, "ताई, पण विकली गेली असती तर त्यांचं माझ्याकडे काय राहिलं असतं?"

मी म्हटलं, "ते राहिले असते."

तिने शेंगा संपवल्या.

गेल्या दिवाळीला मी तिच्याकडे होते. ती अजून दरवर्षी ताटात नाणी मांडते, आधी चिंचेने घासते. चाळीस वर्षं घासून टकल्या साहेबाचं नाक गेलंय. मी चष्मा लावून गोल पृथ्वी शोधली. तीही झिजली आहे. पृथ्वी होती एवढंच कळतं, गोल की चेपलेली ते आता सांगता येणार नाही.

सदाभावजी गेले तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. इंदू आज बहात्तर वर्षांची आहे आणि घाटी चढते.